हाइन मास्तर

न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर शाळेत लुईस हाइन नावाचे मास्तर होते. १९०४ च्या सुमारास मुख्याध्यापकांच्या आग्रहावरून कॅमेरा धरला आणि स्वतः शिकता शिकता पोरांना शिकवू लागले. फळ्यावर नव्हे! अंधाऱ्या खोलीत काचा धुवायला लावून, मॅग्नेशियमची पूड पेटवायला लावून. ती भडकली की भडकली, दुसरी संधी नाही.

१९०७ च्या सुमारास त्यांनी वर्गाला स्टिग्लिट्झच्या '२९१' दालनात नेले. स्वतःची वाट वेगळी, कष्टकऱ्यांचे जगणे दाखवणारी, तरी नेले. असे मास्तर मी फार पाहिले नाहीत. तिथेच पॉल स्ट्रँड या विद्यार्थ्याने फोटोग्राफर व्हायचे ठरवले. १९१६ मध्ये त्याच दालनात त्याचे प्रदर्शन भरले. हाइन तोवर शाळा सोडून गिरण्या-खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढत हिंडत होते.