एका जहाजाची चार नावं

हर्मायनी म्हटलं की आपल्या पिढीला हॅरी पॉटरची मैत्रीण आठवते. मला हल्ली एक जहाज आठवतं. १७८२ साली ब्रिस्टलला पाण्यात उतरलेली, ब्रिटिश आरमाराची ३२ तोफांची फ्रिगेट. फ्रिगेट म्हणजे मोठ्या युद्धनौकांपेक्षा लहान आणि चपळ जहाज. टेहळणी करायची, व्यापारी ताफ्यांना सोबत द्यायची, शत्रूची जहाजं पकडायची, ही तिची कामं. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर हर्मायनी कॅरिबियन समुद्रात गेली. तिथे तोफांपेक्षा पिवळ्या तापाने जास्त माणसं मरत.

फेब्रुवारी १७९७ मध्ये तिच्यावर नवा कप्तान आला, ह्यू पिगॉट. बाप अ‍ॅडमिरल. याआधीच्या 'सक्सेस' जहाजावर नऊ महिन्यांत त्याने किमान ८५ वेळा चाबकाच्या शिक्षा दिल्या होत्या. १७९६ मध्ये एक अमेरिकन व्यापारी जहाज 'सक्सेस'ला धडकलं, तर त्याने त्या जहाजाच्या कप्तानालाच फटके मारायला लावले. अमेरिकेने आरडाओरडा केला, चौकशी झाली, आणि जमैकाचे सेनापती सर हाइड पार्कर यांच्या हाताखालचा पिगॉट सहीसलामत सुटून हर्मायनीवर आला.

सॉफ्टवेअरमध्ये सिस्टिम कोसळण्याआधी लॉगमध्ये वॉर्निंग येऊन गेलेली असते. इथेही आली होती. वाचणाऱ्यांनी ती बाजूला सारली.

२० सप्टेंबर १७९७. वरची शिडं आवरायला खलाशी डोलकाठीवर चढलेले. सगळ्यात शेवटी खाली येणाऱ्याला फटके, असं पिगॉटने बजावलं. घाईत तीन तरुण खलाशी डेकवर कोसळून मेले. पिगॉटने प्रेतं समुद्रात टाकायला सांगितली. दुसऱ्या दिवशी कुरकुर करणाऱ्यांनाच फटके बसले. त्या रात्री उठाव झाला. पिगॉटसह दहा जण मारले गेले. त्यात पिवळ्या तापाने अंथरुणाला खिळलेला एक अधिकारीही होता. तिथे न्यायाची भाषा संपते.

बंडखोरांनी जहाज ला ग्वायराला नेऊन स्पॅनिशांच्या हवाली केलं. अधिकाऱ्यांना होडीतून सोडून दिलं, अशी थाप मारली. जहाजाचं नाव झालं 'सांता सेसिलिया'. ऑक्टोबर १७९९ मध्ये एडवर्ड हॅमिल्टन 'सर्प्राइझ' फ्रिगेटवरची सुमारे शंभर माणसं होड्यांतून घेऊन पुएर्तो काबेयो बंदरात शिरला आणि जहाज परत घेऊन आला. त्याचा एकही माणूस मेला नाही. मग नाव पडलं 'रिटॅलिएशन', म्हणजे सूड. पुढे ते बदलून 'रिट्रिब्यूशन' केलं, म्हणजे केल्या कर्माची शिक्षा.

ती शिक्षा आरमाराने जगभर शोधून शोधून दिली. एकूण २४ खलाशी फासावर गेले. त्यांतला थॉमस नॅश अमेरिकेत सापडला. 'मी जोनाथन रॉबिन्स, अमेरिकन नागरिक, मला जबरदस्तीने आरमारात भरती केलं होतं,' असं त्याने सांगितलं. अध्यक्ष अ‍ॅडम्स यांच्या सरकारने तरीही त्याला ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. जेफर्सनच्या पक्षाने हे प्रकरण अ‍ॅडम्सविरुद्ध वापरलं, आणि १८०० च्या निवडणुकीत अ‍ॅडम्स हरले.

१८०५ मध्ये जहाज मोडीत निघालं. कुणी मारलं, हे आरमाराने आठ-नऊ वर्षं शोधलं. पिगॉटला पुन्हा जहाज कुणी दिलं, हा प्रश्न त्यामानाने सोपा होता. सर हाइड पार्कर १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याचे सरसेनापती होते.