मोलेसन, हेन्री
(२६ फेब्रुवारी १९२६–२ डिसेंबर २००८). स्मृतिसंशोधनाला कलाटणी देणारा अमेरिकन रुग्ण. हयातभर संशोधनात ‘एच. एम.’ एवढीच ओळख. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूतील दोन्ही शंखखंडांचा आतील भाग, हिप्पोकॅम्पसच्या मोठ्या हिश्शासह, काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेनाशी झाली. बुद्धी आणि भाषा शाबूत होती, बालपणही आठवे. सांगितलेला आकडा घोकत राहिले तर लक्षात राही. लक्ष विचलित झाले, की आकडा सांगितला होता हेही ते विसरत.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला लावली. सुरुवातीला कोपऱ्यांवर हात भरकटे. तिसऱ्या दिवशी रेघ सफाईदार येऊ लागली. आधी हे केल्याचे मात्र त्यांना मुळीच आठवत नव्हते. या एका प्रयोगाचे मोल फार मोठे. घटनांची स्मृती आणि हाताच्या कौशल्याची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या यंत्रणांवर चालतात, हे त्यातून दिसले. जुन्या आठवणी वाचल्या होत्या, त्यावरून हिप्पोकॅम्पस हे स्मृतीचे कायमचे कोठार नसून अनुभव पक्का करणारे केंद्र आहे, असा विचार बळावला.

मेंदूशास्त्रज्ञ सुझॅन कॉर्किन यांनी पुढे अनेक दशके त्यांचा अभ्यास केला. दरवेळी नव्याने भेटल्यासारखे वाटूनही मोलेसन यांनी चाचण्यांना मनापासून सहकार्य केले. त्यांचे हे योगदान संशोधकांच्या योगदानाइतकेच मोठे आहे. मृत्यूनंतर, २००९ मध्ये, सॅन डिएगो येथे त्यांच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करण्यात आले.