वैरी झालेला कॅट

केव्हिन रायली यांच्या ‘ईऑन्स एंड’ (२०१६) या खेळात एक ते चार भिडू जादूगार होतात आणि ग्रेव्हहोल्ड नावाचं शहर एका महाशत्रूपासून वाचवण्यासाठी झुंजतात. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळे हरतात. असा खेळ एकोप्याच्या ओढीतून जन्मला, असं म्हणणं सोपं आहे. पण ती ओढ फार आधीची. कॅनडात जिम डीकोव्ह १९७० च्या दशकापासूनच सहकाराचे खेळ तयार करत होते. घोडं अडलं होतं ते दुसरीकडे: भिडूंपैकी कोणीच वैरी नसेल, तर वैर करायचं कोणी? त्याचं उत्तर पत्त्यांच्या कॅटमध्ये सापडलं आणि माझ्या मते या खेळाचं कूळ तिथेच शोधायला हवं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) सवंगडी एकजुटीने राक्षसांशी लढत, पण ते राक्षस चालवायला एका माणसाला पलीकडे बसावंच लागे. रिचर्ड लॉनियस यांच्या ‘आर्कम हॉरर’ने (१९८७) ते काम पत्ते आणि फाशांवर सोपवलं. मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’मध्ये (२००८) तर साथीचा पत्ता निघाला, की रोगाचे वापरलेले पत्ते पिसून पुन्हा कॅटच्या वरच ठेवायचे असतात, म्हणजे पोळलेल्या शहरांवरच पुन्हा घाला. कॅट आता डूख धरू लागला. जादूचं अंग मात्र स्पर्धेच्या घराण्यातून आलं. रिचर्ड गारफिल्ड यांच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ने (१९९३) प्रत्येक पत्त्याला मंत्रासारखा स्वतःचा नियम दिला, तर डोनाल्ड व्हॅकारिनो यांच्या ‘डॉमिनियन’ने (२००८) किरकोळ पत्त्यांपासून सुरुवात करून खेळताखेळता आपला कॅट बांधायला शिकवलं. ‘ईऑन्स एंड’मध्ये ही दोन्ही घराणी एकत्र आली.

यावर कोणी म्हणेल, एकट्याने लावायच्या पेशन्समध्येही कॅटच तर समोर असतो. खरं आहे, पण तिथे कॅट फक्त वाट अडवतो. तो चाल करून येत नाही, की दिरंगाईची किंमत वसूल करत नाही. मेंढीकोटातही भिडू-भिडूंचं सूत जमावं लागतं, मात्र समोर दुसरी जोडी असतेच. तिथला सहकार माणसांविरुद्धचाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शत्रू जर कागदी असेल, तर टेबलावरचा सर्वांत जाणता भिडू बाकीच्यांना हुकूम सोडतो आणि चौघांचा खेळ एकाचा होतो. ही खोड अनेक सहकारी खेळांत आहे. ‘ईऑन्स एंड’ तिच्यावर अर्धाच इलाज करतो, पण तो बारकाईने पाहण्याजोगा आहे. इथे आपले वापरलेले पत्ते पिसायचे नसतात. कॅट संपला की टाकलेला गठ्ठा आहे तसाच उलटायचा. पत्ते ज्या क्रमाने टाकले, त्याच क्रमाने ते परत हाती येणार. पाळ्या मात्र पिसलेल्या पत्त्यांवर ठरतात. चौघे खेळत असतील तर चार पत्ते जादूगारांचे, दोन शत्रूचे. एका फेरीत शत्रूचे दोन्ही पत्ते शेवटी निघाले आणि पुढच्या फेरीत सुरुवातीलाच, तर तो सलग चार वेळा घाव घालतो. शिवाय बहुतेक मंत्र या पाळीत मांडायचे आणि पुढच्या पाळीत सोडायचे. त्यामुळे सल्ला कितीही शहाणा असो, मंत्र सुटण्याआधी घाव बसणार की नंतर, हे सल्लागारालाही माहीत नसतं. जो तो आपापल्या कॅटचा क्रम आधीपासून रचत आलेला असतो आणि ती जबाबदारी त्याचीच राहते.

म्हणून या कुळकथेचं श्रेय मी सद्भावनेपेक्षा कारागिरीला देईन. माणसांना एकत्र खेळायचं होतंच; त्यांना एका बाजूला बसता यावं म्हणून कोणीतरी दुसरी बाजू घडवायला हवी होती, आणि ती घडवायला खेळ रचणाऱ्यांच्या अनेक पिढ्या खपल्या.