बोस, व्हिव्हियन

बोस, व्हिव्हियन : (९ जून १८९१–१९८३). बॅरिस्टर, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश व नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. ब्रिटिश अमदानीत नागपूर रेजिमेंटमध्ये ते कॅप्टन होते.

त्यांचा जन्म अहमदाबादचा. आजोबा सर बिपिन कृष्ण बोस हे नागपूरचे नामांकित वकील आणि नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. शिक्षण डलिच आणि केंब्रिज येथे झाले. १९१३ मध्ये मिडल टेंपलची सनद घेऊन त्यांनी नागपुरात वकिली मांडली. १९२४ ते १९३० ते तेथील विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जॉन मॉट यांच्या कन्या आयरीन या त्यांच्या पत्नी.

नागपूर रेजिमेंट ही खडी फौज नव्हती. १९२० च्या कायद्याने उभारलेल्या ऑक्झिलरी फोर्सचा ती भाग होती आणि त्यात माणसे आपापले कामधंदे सांभाळून कवायत करीत. स्थानिक बंदोबस्त हे या दलाचे मुख्य काम. सरकारचा असा गणवेश अंगावर चढवलेला हा माणूस न्यायासनावर मात्र सरकारला कधी झुकते माप देत नसे, आणि त्यांचे मोठेपण त्यातच आहे.

१९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले, तेव्हा बोस तेथे न्यायाधीश झाले. मध्यप्रांत व वऱ्हाड त्याच्या अखत्यारीत होते. वऱ्हाडातला जुना वाशीम जिल्हा १९०५ मध्येच मोडला होता. वाशीम, मंगरूळपीर हे तालुके अकोला जिल्ह्यात होते आणि तेथल्या कज्ज्यांची अपिले नागपूरला जात.

युद्धकाळात भारत संरक्षण नियमांखाली धरपकड चालू होती. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने लिव्हरसिज खटल्यात (१९४१) मंत्र्याच्या शब्दावर विसंबून स्थानबद्धता मान्य केली होती. विमलाबाई देशपांडे खटल्यात बोस यांच्या खंडपीठाने तसे केले नाही. अटकेमागचा संशय वाजवी होता हे सरकारनेच दाखवावे, असा त्याचा निर्णय होता. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सरकारचे अपील फेटाळले.

१९४९ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले. १९५१ ते १९५६ सर्वोच्च न्यायालयात होते. अन्वर अली सरकार खटल्यात (१९५२) विशेष न्यायालयांचा पश्चिम बंगालचा कायदा समतेच्या कसोटीवर उतरला नाही. त्या बहुमतात त्यांचे स्वतंत्र निकालपत्र आहे. बिडी सप्लाय कंपनीच्या खटल्यात (१९५६) त्यांनी बजावले की राज्यघटना सरकारे, वकील आणि पुढारी यांच्यापुरती नाही; ती गोरगरिबांची, हातावर पोट असणाऱ्यांचीही आहे. निवृत्तीनंतर दालमिया-जैन कंपन्यांच्या चौकशी आयोगाचे ते अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

त्याआधी नागपुरात न्यायाधीश असताना भगवतीचरण शुक्ला खटल्यात त्यांनी एक मोजमाप घालून दिले : शब्दांचा परिणाम जोखायचा तो विचारी, खंबीर माणसाच्या नजरेने, ज्याला जिथे तिथे धोका दिसतो अशा दुबळ्या मनाच्या नजरेने नव्हे. ‘तमस’ मालिकेवर बंदी मागितली गेली तेव्हा, १९८८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हेच मोजमाप लावून ती मागणी नाकारली.

वाशीम १९९८ मध्ये पुन्हा जिल्हा झाला. तेथील अपिले आजही नागपूरलाच, मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जातात. वाशीमच्या तरुण वकिलांनी बोस यांची निकालपत्रे मुळातून वाचावीत.