न वाजलेली घंटा

टेलिफोनचा खरा गुण बोलणें हा नव्हे. न सांगतां वाजणें हा आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं १८७६ सालीं तारेवरून पहिले शब्द पाठविले. पुढें यंत्रास घंटा आली, आणि ती वाजली कीं हातांतलें काम टाकून माणूस उठूं लागला. जुन्या पद्धतींत बहुधा घरापासून केंद्रापर्यंत त्या घरापुरती तार असे. तिच्यावरून घंटा व आवाज यांखेरीज दुसरें कांहीं येत नसे. मग दाराशीं पहारेकरी कशाला हवा?

आज अनेक घरांतला टेलिफोन इंटरनेटवरून बोलतो, आणि त्याच्याविषयीं एक चमत्कारिक तक्रार ऐकूं येते. घरांतून बाहेर फोन लागतो, परंतु बाहेरचा फोन घरांत वाजत नाहीं. किंवा वाजतो, पण उचलल्यावर एकाचाच आवाज पोंचतो. परदेशांतला मुलगा तीनतीनदां फोन करून थकतो, इकडे आईबाप मुक्या यंत्रापाशीं बसून राहतात, आणि दोन्हीकडे मनांत एकच शंका येते कीं, समोरच्यास आपली आठवण उरली नाहीं. यंत्र मात्र धडधाकट असतें. दोष कोठें आहे हें कळण्यासाठीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

इंटरनेटचें पूर्वज म्हणजे आर्पानेट. हें संगणकांचें जाळें १९६९ सालीं अमेरिकेंत सुरू झालें. ऑगस्ट १९७४ मध्यें डॅनी कोहेन व त्यांचे सहकारी यांनीं मानवी आवाजाचे तुकडे करून ते या जाळ्यावरून कॅलिफोर्नियांतील एका संस्थेंतून मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळेपर्यंत बोलण्याच्या वेगानें नेऊन दाखविले. त्या काळीं जाळ्यावरील संस्था थोड्या होत्या, आणि कोणतेंही यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्रास सरळ हांक मारूं शके. गांव लहान होतें आणि दारें उघडीं होतीं.

२ नोव्हेंबर १९८८ रोजीं या गांवाची झोप उडाली. कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्राम यंत्रांतून यंत्रांत पसरला, आणि हजारों संगणक कांहीं काळ निकामी झाले. त्यानंतर जो तो कुंपणाचा विचार करूं लागला. इमारतींत आग पसरूं नये म्हणून जी भिंत घालतात तिला इंग्रजींत फायरवॉल म्हणतात. तेंच नांव या कुंपणास मिळालें. नियम सोपा होता : आंतून कोणी कांहीं मागितलें तर त्याचें उत्तर आंत येऊं द्यावें, न मागितलेलें कांहींही बाहेरच ठेवावें.

दुसरें कारण पत्त्यांच्या तुटवड्याचें. १९८१ सालीं ठरलेल्या पद्धतींत सुमारें ४२९ कोटी पत्ते होते, आणि ते पुरणार नाहींत हें लवकरच दिसूं लागलें. मे १९९४ मध्यें एगेवांग व फ्रान्सिस यांनीं तात्पुरता म्हणून एक उपाय मांडला. तो जुन्या वाड्याच्या दाखल्यानें समजेल. वाड्यांत दहा बिऱ्हाडें, पण नगरपालिकेचा घरक्रमांक एकच. देवडीवर कारकून बसलेला. आंतून कोणाचें पत्र बाहेर गेलें कीं तो वहींत नोंद करतो आणि उत्तर आलें कीं त्या बिऱ्हाडीं पोंचवितो. ज्याची नोंद नाहीं असें पत्र आलें, तर तें कोणाचें हें त्यास कळत नाहीं. तो तें टाकून देतो. घरोघरच्या राउटरमध्यें आज हाच कारकून आणि हाच पहारेकरी बसलेला आहे.

योगायोग असा कीं, याच सुमारास टेलिफोन इंटरनेटवर आला. फेब्रुवारी १९९५ मध्यें इस्राएलच्या व्होकलटेक कंपनीनें संगणकावरून बोलण्याचा प्रोग्राम विक्रीस काढला. मार्च १९९९ मध्यें हँडले, शुल्झरीने, स्कूलर व रोझेनबर्ग यांनीं फोन लावण्याची ‘सिप’ नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. तींत घंटेचा निरोप एका वाटेनें जातो आणि आवाज दुसऱ्या वाटेनें. आवाज कोठें पाठवावा तो पत्ता पत्राच्या पोटांत लिहिलेला असतो. यंत्र तेथें आपला वाड्यांतला खोलीक्रमांक लिहून मोकळें होतें. बाहेरच्यास त्या क्रमांकाचा उपयोग काय? एकतर्फी आवाजाचें मूळ बहुधा येथें असतें.

उपायही क्रमाक्रमानें निघाले. मार्च २००३ मध्यें ‘स्टन’ ही युक्ति आली : बाहेरच्या एका यंत्रास विचारावयाचें कीं, माझा पत्ता तुला कसा दिसतो? जेथें तेवढ्यानें भागत नाहीं तेथें दोघांचा आवाज मध्यस्थ यंत्रामार्फत नेण्याची सोय झाली. आणि या सर्व वाटा पडताळून चालेल ती निवडण्याची रीत एप्रिल २०१० मध्यें ठरली. कांहीं राउटरांच्या कारखानदारांनीं तर पत्र उघडून आंतला पत्ता दुरुस्त करणारा मुनीमच नेमला. त्याचें नांव ‘सिप एएलजी’. पण तो पुष्कळदां चांगलें पत्र बिघडवितो. म्हणून जाणकार प्रथम त्यालाच रजा देतात.

घंटाच न वाजण्याचें कारण मात्र अधिक साधें असतें. देवडीवरचा कारकून विसराळू आहे. नोंद निदान दोन मिनिटें ठेवावी, शक्यतों पांच, असें जानेवारी २००७ च्या नियमांत म्हटलें आहे. तरी पुष्कळ राउटर ती त्याआधींच पुसतात. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर थोडा वेळ बाहेरचे फोन येतात आणि मग थांबतात, तेथें हाच विसर समजावा. फोननें दर अर्ध्या मिनिटास कंपनीच्या यंत्राकडे एक छोटा निरोप पाठवावा अशी योजना केली कीं नोंद जागी राहते.

त्रासून कित्येकजण भिंतच पाडतात. हा उपाय रोगाहून वाईट. सिपचें ५०६० क्रमांकाचें दार साऱ्या जगास उघडलें, तर फुकट फोन करण्यासाठीं परवलीचे शब्द चांचपीत फिरणारे चोर तेथें येतात, आणि मध्यरात्रीं घंटा वाजून पलीकडे कोणीच नसतें. दार उघडावयाचेंच तर केवळ आपल्या टेलिफोन कंपनीच्या पत्त्यापुरतें उघडावें.

जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती सांठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटून संपला. नव्या पद्धतींत पत्ते इतके आहेत कीं, प्रत्येक यंत्रास स्वतःचा क्रमांक मिळूं शकतो. कारकुनाची नोकरी त्यामुळें कधींतरी जाईल. पहारेकऱ्याची जाणार नाहीं, कारण १९८८ सालची भीति खोटी नव्हती. त्याला काढण्यापेक्षां, कोणाची वाट पाहत आहों हें त्यास वेळोवेळीं सांगत राहावें. मग दूरदेशींची हांक देवडीवरून परत जाणार नाहीं, आणि घंटा वाजली नाहीं एवढ्यावरून मायेच्या माणसांवर विस्मरणाचा आरोपही येणार नाहीं.