कार्बोरेटर कुठून आला, कसा जपावा



फवारणीची वेळ झालीय, आणि पेट्रोलवरचा पंप दोरी ओढून ओढून हात दुखले तरी चालू होत नाही. कीड काही तुमच्यासाठी थांबत नाही! अशा वेळी पुष्कळदा दुखणं कार्बोरेटरचं असतं. हा भाग मुळात का तयार झाला ते समजलं, की त्याचं दुखणंही समजतं.

पेट्रोल पातळ रूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळली म्हणजे जळते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. जर्मनीत कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या मोटारगाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून ओढली जाई. पण हलका अंश आधी उडून जाई, जड मागे राही. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त. माप जमेना.

१८९३ साली बुडापेस्टला डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी, तसंच जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, पेट्रोल बारीक छिद्रातून फवारण्याची युक्ती काढली. आजही तीच चालते. हवेची नळी मध्येच अरुंद केली, की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा तोटी बंद करतो ना, तसाच फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. यंत्र तिरकं करावं लागतं तिथे फ्लोटऐवजी लवचीक पडदा असतो. चोक ओढला की हवा कमी होते. म्हणून तो थंड इंजिनापुरताच.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांमुळे नव्या दुचाकींत इंजेक्शन आलं. शेतीच्या लहान यंत्रांत मात्र बहुतेक कार्बोरेटरच आहे. तेव्हा एवढं कराच :

१. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेट बुजवतो.

२. जेटमध्ये तार घालू नका. छिद्र मोठं झालं की माप बिघडतं, धूर काळा येतो, पेट्रोल जास्त जातं. जेट काढून पेट्रोलने धुवा, सायकलच्या पंपाने हवा मारा.

३. हे काम इंजिन थंड झाल्यावर, मोकळ्या जागी करा. विडी-काडी लांब!

मापाचं बियाणं, मापाचं खत, तसंच मापाचं पेट्रोल. ते माप राखतो तो कार्बोरेटर; त्याला स्वच्छ ठेवा.