तीन दिवसांची स्पर्धा, तयारी मात्र महिनोन्‌महिने

करमाड : करमाड आणि परिसरात घोडा आता दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. शहरी वाचकाला तो रेसकोर्समुळे ठाऊक असतो. 'इव्हेंटिंग' हा शब्द मात्र अनेकांनी प्रथम ऐकला तो 2025 च्या अखेरीस. पुण्याच्या आशिष लिमये यांनी थायलंडमधील पट्टाया येथे झालेल्या आशियाई अश्वारोहण अजिंक्यपद स्पर्धेत 'विली बी डन' या घोड्यावर स्वार होऊन या प्रकाराचे वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. भारताशी या खेळाचे नाते मात्र जुने आहे. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी 'शहजादा'वर वैयक्तिक सुवर्ण मिळवले आणि सांघिक सुवर्णही भारताकडेच आले.

इव्हेंटिंगमध्ये एकाच घोड्याला आणि एकाच स्वाराला तीन कसोट्यांना सामोरे जावे लागते. पहिली ड्रेसाज, म्हणजे आखीव मैदानातील शिस्तबद्ध चाली. दुसरी क्रॉसकंट्री, म्हणजे ओंडके, चर, पाणी आणि चढउतार यांवरून वेगाने धाव. तिसरी शो जंपिंग. दंडगुण ज्याचे कमी तो विजेता. क्रॉसकंट्रीत घोड्याने पहिल्यांदा अडथळा नाकारला की 20 दंडगुण, ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक लागलेल्या प्रत्येक सेकंदाला 0.4, तर शो जंपिंगमध्ये दांडा पडला की 4.

तयारीतील खरी अडचण येथेच आहे. क्रॉसकंट्रीसाठी दमदार केलेला घोडा ड्रेसाजच्या मैदानात उसळतो; शांत राहावा म्हणून कमी पळवलेला घोडा दुसऱ्या दिवशी अखेरच्या चढावर दमतो. हा तोल साधणे म्हणजेच प्रशिक्षकाचे कौशल्य.

सुरुवात पायचालीने होते. विश्रांतीनंतर कामाला घेतलेल्या घोड्याला पहिले काही आठवडे केवळ चालवले जाते, मग दुडकी, मग दौड. हृदय आणि स्नायू लवकर तयार होतात. हाडे आणि कंडरा यांना कितीतरी अधिक काळ लागतो. घोडा ताजातवाना दिसतो म्हणून काम वाढवले जाते आणि पुढच्या पायाची कंडरा दुखावते, हा या खेळातील नेहमीचा अपघात. त्यामुळे दौड टप्प्याटप्प्याने दिली जाते : काही मिनिटे दौड, मध्ये चाल, पुन्हा दौड, आणि असे कष्टाचे काम साधारण चार दिवसांतून एकदाच. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला 30 ते 40 असते, जोरदार धावेत ती 200 च्या पुढे जाते. थांबल्यावर ती किती लवकर उतरते, यावरून घोड्याची तयारी कळते. मोतद्दार रोज सकाळी खरारा करताना चारही पायांवरून हात फिरवतो. कोठे ऊब वा सूज जाणवली, तर त्या दिवसाचे वेळापत्रक बाजूला ठेवले जाते.

मराठवाड्यासारख्या हवेत उन्हाचा प्रश्न वेगळाच. एप्रिल-मेमध्ये कष्टाचे काम पहाटेच उरकावे लागते. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, स्नायू आखडतात, असा समज पूर्वी सर्वत्र होता. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या निमित्ताने झालेल्या संशोधनाने तो खोटा ठरवला. अंगभर सतत गार पाणी ओतणे हाच शरीराचे तापमान उतरवण्याचा उत्तम उपाय होय. घामावाटे जाणारे क्षार खाद्यातून भरून काढावे लागतात.

खाद्यात गवताचा वाटा मोठा असावा. ओट, जव यांसारखे धान्य थोडे थोडे, दिवसातून अनेकदा द्यावे. एकदम बदल केला की पोटशूळ ठरलेला. उत्तेजकांच्या नियमांमुळे येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक ठरते. 2008 च्या ऑलिम्पिकमध्ये घोड्याच्या नमुन्यात मिरचीतील कॅप्सेसिन सापडल्याने नॉर्वेच्या शो जंपिंग संघाला कांस्यपदक गमवावे लागले. वेदनाशामक मलम, खसखस, चहाचा चोथा यांपैकी काहीही पागेत घोड्याच्या तोंडाजवळ नको, असे जाणकार बजावतात ते उगाच नव्हे.

शेवटच्या आठवड्यात दम वाढवता येत नाही, फक्त घोडा बिघडवता येतो. नाल स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी बदलावी. खिळा जिव्हारी लागला असेल तर सुधारण्यास अवधी मिळतो. प्रवासानंतर एक दिवस केवळ चाल द्यावी.

भारतीय घोड्यांपुढे प्रवासाचाच अडसर अधिक मोठा राहिला आहे. अश्वरोगांच्या निर्बंधांमुळे येथील घोडे परदेशात नेणे अवघड असल्याने अव्वल भारतीय स्वार युरोपात घोडे ठेवून सराव करीत आले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 23वा आलेला फवाद मिर्झाही जर्मनीत तयारी करीत होता. मेरठच्या लष्करी अश्वकेंद्रातील रोगमुक्त विभागाला 2025 मध्ये जागतिक प्राणी आरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्याने तेथील घोड्यांपुरता तरी हा मार्ग खुला झाला आहे.

मोठ्या स्पर्धेत ड्रेसाजपूर्वी आणि पुन्हा क्रॉसकंट्रीनंतर, शो जंपिंगच्या आधी, घोड्याची तपासणी होते. कठीण जमिनीवर त्याला दुडकत नेले जाते आणि तो लंगडत नाही ना, हे पंच व पशुवैद्य पाहतात. ही केवळ औपचारिकता नव्हे. टोकियोतच 2021 मध्ये स्वित्झर्लंडच्या 'जेट सेट' या घोड्याचा अस्थिबंध क्रॉसकंट्रीच्या अखेरीस तुटला आणि त्याला दयामरण द्यावे लागले. म्हणूनच क्रॉसकंट्रीच्या रात्री पागेत दिवे उशिरापर्यंत जळतात. पायांना बर्फ लावला जातो, घोड्याला थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून चालवले जाते आणि पहाटे तपासणीपूर्वी मोतद्दार पुन्हा एकदा त्याच्या पायांवरून हात फिरवून पाहतो.